उजवा कोपरा

यादगिरी येमूलनं माझा घोटा पहिल्यांदा धरला
तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो
आणि सोलापुरात मला कुणी धरलेलं नव्हतं.

दाजी पेठेतलं मैदान, हॅलोजनचा उजेड,
पाणी मारूनही माती तापलेलीच. मे महिना.
तो उजव्या कोपऱ्यात वाकून,
नजर माझ्या पायांवर,
चेहऱ्याकडं एकदाही नाही.
चेहरा खोटं बोलतो म्हणायचा,
टाचेला ते जमत नाही.

मी बोनस रेषेपलीकडं पंजा टेकवला
आणि जमिनीतून काहीतरी वर आलं.

आई त्याची विड्या वळायची, दिवसाला हजार.
बाप पॉवरलूमवर, तुटलेला धागा
डोळे मिटून सांधायचा.
लोक म्हणायचे, पकड रक्तातच आहे.
यादगिरी म्हणायचा, रक्तात काय बे,
रक्तात शुगर आहे आमच्या.

मग जिल्हा. मग राज्य. मग रेल्वेची नोकरी,
अकरा वर्षं रेल्वेचा उजवा कोपरा.
पेपरात चढाईवाल्याचा फोटो येतो, हवेत उडालेला.
धरणाऱ्याचं नुसतं मनगट, कडेला कापलेलं.
असे सात फोटो त्याच्या आईनं
तांदळाच्या डब्यात जपले होते,
आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवायची,
हे आमचं.

चौतिसाव्या वर्षी लीगनं घेतलं त्याला,
सगळ्यात कमी बोलीत.
गल्लीत पडदा लागला.
दोन महिने सगळे
बाकावर बसलेला यादगिरी बघत होते,
मांडीवर टॉवेल.
टॉवेल आपल्या एमआयडीसीतला का बाहेरचा,
यावर पैजा.

उतरला एकदाच, चार मिनिटं.
मॅटवर, बुटांत, त्याचे पाय
उसने आणल्यासारखे दिसत होते.
समोरचं पोरगं बावीसचं, तेल लावल्यागत निसटलं
आणि यादगिरी स्वतःचे रिकामे हात बघत राहिला
कॅमेरा दुसरीकडं वळेपर्यंत.

मी टेम्पोत चादरी भरत होतो. मोबाईलवर पाहिलं.
खरं सांगतो, आधी बरं वाटलं.
नंतर दोरीची गाठ मारता येईना.

माझा घोटा गड्ड्याच्या दिवसांत, थंडीत, दुखतो.
डॉक्टर म्हणाले होते, लिगामेंट.
मी सांगत आलो, यादगिरी.
पंचवीस वर्षं बोललो नाही आम्ही.
भांडण नव्हतं. बोलायचं काय?

आता तो शाळेच्या मैदानात मुलींना शिकवतो.
पहाटे साडेपाचला सराव.
नळ येतो त्या दिवशी साडेसहाला,
घागरी भरल्याशिवाय पोरी सुटत नाहीत.
माती स्वतः चाळतो, पीठ चाळावं तशी,
खडे खिशात घालून घरी नेतो.

माझी आयमन तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली,
अब्बा, सर म्हणाले,
चढाई तुझ्या घरात आहे, ती येईल.
तू पकड शिक.

काल तिला सोडायला गेलो. टेम्पो लांबच लावला.
त्यानं पाहिलं. पायांकडंच पाहिलं.
"डावा अजून आत पडतो बे बाशा."
तूच पाडलास, मी म्हटलं.
"नाही. शिट्टी झाली, मी सोडलं होतं.
तू हट्टानं एक पाऊल जास्त टाकलंस.
पोरींना हेच सांगतो रोज, शिट्टीला सोडा."

मला तसं आठवत नाही.
मला जमिनीतून वर आलेलं ते आठवतं, आणि आकाश.
पण तोही ती चढाई इतकी वर्षं
पावलापावलानं सांभाळून होता,
आणि मला वाटत होतं, दुखणं एकट्या माझं.

"ये, टेक पंजा. पोरींना दाखवू."
तो कोपऱ्यात वाकला. गुडघे वाजले,
त्याचे का माझे, कळलं नाही.
मी चपला काढल्या. माती गार.
आयमननं लाजून डोळ्यांवर हात घेतले
आणि बोटांच्या फटीतून
माझ्या टाचेकडं बघत राहिली.